चारशे चार नगरकर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



कोरोनावरचं व्याख्यान म्हटल्यावर लोक येतील का, अशी शंका संयोजकांपैकी एकांनी बोलून दाखवली होती. शंका रास्तच होती. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते त्यावर बोलत नाहीत. ज्यांचं कुणी गेलं नाही त्यांना ती आठवण नको असते. आणि जे तेव्हा रोज सकाळी काढ्याच्या पाककृती पाठवायचे, ते आता दुसरं काहीतरी पाठवतात. तरी सभागृह भरलं आहे, तेव्हा शंका फिटली.

मी आयुष्यभर जनवैद्यक शिकवलं. विद्यार्थी त्याला पीएसएम म्हणतात आणि त्या तासाला झोपतात. शल्यचिकित्सकाला लोक देव म्हणतात, भूलतज्ज्ञाला निदान फी तरी मिळते. आमच्या वाट्याला रजिस्टरं येतात. म्हणून आज मी विषाणूच्या काट्यांची चित्रं पडद्यावर दाखवणार नाही. ती तुम्ही दोन वर्षं बघितली. मी रजिस्टरांबद्दल, म्हणजे मोजणीबद्दल बोलणार आहे. महामारीवरचं संशोधन प्रयोगशाळेत सुरू होतं, असा आपला समज असतो. ते सुरू होतं कुणीतरी दारात येऊन ‘घरात माणसं किती?’ असं विचारतं तिथून. या जिल्ह्याच्या दारात असं दोन वेळा विचारलं गेलं. एकदा शंभर वर्षांपूर्वी, एकदा आपल्या डोळ्यांदेखत. दोन्ही वेळची उत्तरं कागदावर आहेत, आणि दोन्ही वेळा ती आपण वाचली नाहीत, ही माझी तक्रार आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. जुन्या कागदांविषयी बोलताना कागदावरचंच नाव येईल, आणि ओघात आपलं नुसतं नगर.

मे २०२० आठवा. टाळेबंदी. जिल्ह्यात रुग्ण मोजके, भीती मात्र अमाप. पुण्यामुंबईहून आलेल्या माणसाला शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवत होते. त्याच दिवसांत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, देशभर रक्तातल्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण काढलं. २१ राज्यांतले ७० जिल्हे, दर जिल्ह्यात दहा गावं किंवा वॉर्ड, दर ठिकाणी चाळीस प्रौढ माणसं. एकूण २८,०००. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते : बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि अहमदनगर. मुंबई-पुण्याच्या बातम्यांत ही गोष्ट झाकली गेली. आपल्या जिल्ह्यातल्या ४०४ माणसांनी तेव्हा रक्त दिलं.

ही माणसं निवडली कशी, ते नीट समजून घ्या, कारण सगळी अक्कल तिथं आहे. पथक गावात गेलं की सरपंचाच्या ओट्यावर बसून ‘कुणाला रक्त द्यायचंय?’ असं विचारायचं नाही. तसं विचारलं तर ज्याला शंका आहे तो पुढे येतो आणि ज्याला भीती आहे तो मागच्या दारानं शेतात जातो. दोघांच्याही रक्तातून गावाचं खरं चित्र निघत नाही. म्हणून गावात चार ठिकाणं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, तिथून ओळीनं घरं घ्यायची, आणि घरातला कोणता प्रौढ माणूस हेही पथकानं किंवा कुटुंबप्रमुखानं ठरवायचं नाही, ते नियमानं ठरायचं. घरातला कर्ता पुरुष हात पुढे करतो, पण नंबर चुलीपुढच्या सुनेचा लागलेला असतो. मग सासूबाईंची समजूत घालायची, सुनेची संमती घ्यायची, आणि शिरेतून तीन ते पाच मिलिलिटर रक्त काढायचं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण आधी पातेलं ढवळावं लागतं. सर्वेक्षणाचे निम्मे कष्ट या ढवळण्यात जातात.

रक्त चेन्नईला गेलं. तपासणी झाली ती पुण्यात तयार झालेल्या संचानं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, मार्च २०२० मध्ये हा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढला होता. त्याच विषाणूच्या आधारानं डॉ. गजानन सपकाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोविड कवच’ नावाची एलायझा चाचणी उभी केली. काही आठवड्यांत. ज्या देशात सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त व्हायला दोन पिढ्या जातात त्या देशात, हे लक्षात घ्या.

नगरचा निकाल असा : ४०४ पैकी ५.

पाच. ऐकायला किरकोळ वाटतो ना हा आकडा? पण त्यात एक खाच आहे, आणि तिथं मला थोडं थांबायचं आहे. या संचाची विशिष्टता सुमारे ९८ टक्के होती. याचा अर्थ, ज्यांना संसर्ग झालेलाच नाही अशा शंभर माणसांत हा संच दोघांना खोटंच ‘झाला होता’ म्हणतो. आता नगरच्या ४०४ जणांत समजा एकालाही संसर्ग झालेला नसता, तरी या हिशेबानं आठ जण ‘पॉझिटिव्ह’ निघाले असते! म्हणजे खऱ्या पाचापेक्षा खोटे आठ जास्त. रोग विरळ असताना चांगली चाचणीसुद्धा अशी फसवते. म्हणून पहिल्या संचात जे नमुने पॉझिटिव्ह आले ते दुसऱ्या, वेगळ्या बनावटीच्या संचावर पुन्हा तपासले, आणि दोन्हींत जे टिकले तेच धरले. चाळणीखाली चाळणी. वर्तमानपत्रात एका ओळीत छापलेल्या टक्केवारीमागं एवढं सगळं असतं.

सहा जिल्ह्यांचे मिळून २,३८५ नमुने होते; पॉझिटिव्ह २७. म्हणजे १.१३ टक्के. परभणीत ६, जळगावात २, बाकीचे मध्ये. आता मोह होतो तो गुणाकाराचा. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ४५ लाखांवर, त्याचा सव्वा टक्का म्हणजे छप्पन्न-सत्तावन्न हजार माणसं, असा हिशेब तेव्हा काही हुशार लोकांनी मांडलाही असेल. तो करू नये. ४०४ मधल्या ५ वरून जिल्ह्याचं खरं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खालपासून जवळजवळ तीन टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतं. हे सर्वेक्षण देशाचा अंदाज बांधायला होतं, जिल्ह्याचा नाही. देशाचा अंदाज आला ०.७३ टक्के, म्हणजे सुमारे ६४ लाख प्रौढ माणसांना मेच्या सुरुवातीपर्यंतच संसर्ग होऊन गेलेला. एका नोंदलेल्या रुग्णामागं न नोंदलेले ऐंशी ते एकशे तीस. ज्या दिवसांत आपण गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकत होतो, त्या दिवसांत विषाणू वेस ओलांडून गेलेलाही होता.

पुढं याच जिल्ह्यांत तीन फेऱ्या झाल्या. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये देशाचा आकडा ६.६ टक्के, डिसेंबर-जानेवारीत २१ टक्क्यांच्या वर, आणि जून-जुलै २०२१ मध्ये ६७.६. जानेवारी ते जून या सहा महिन्यांत काय घडलं ते तुम्हाला सांगायला नको. नालेगावच्या अमरधामाबाहेर उभं राहिलेले लोक या सभागृहातही असतील. या चारही फेऱ्यांचं नियोजन चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेनं केलं आणि तिचे प्रमुख होते डॉ. मनोज मुऱ्हेकर. आपल्या माणसांचं रक्त, पुण्याचा संच, चेन्नईची तपासणी, आणि निष्कर्ष जगाच्या नियतकालिकांत. नगरमध्ये मात्र या ४०४ जणांची गोष्ट कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

न वाचण्याची किंमत काय असते, याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं प्लाझ्माचं. एप्रिल ते जुलै २०२० मध्ये आयसीएमआरनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना बऱ्या झालेल्या माणसांचा प्लाझ्मा, निम्म्यांना नेहमीचे उपचार. निष्कर्ष : मृत्यू टळत नाहीत, आजार बळावणंही थांबत नाही. हा अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये ‘बीएमजे’त छापून आला. जगाला त्या विषयावरचं एक पक्कं उत्तर भारतानं दिलं होतं, अभिमान वाटावा असं काम. आणि एप्रिल २०२१ मध्ये तुमच्या-माझ्या मोबाइलवर काय येत होतं? ‘अर्जंट. बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा आहे.’ उपचारांच्या अधिकृत यादीतून प्लाझ्मा गेला मे २०२१ च्या मध्यावर. सात महिने उत्तर कागदावर पडून होतं आणि आपण रात्री-अपरात्री दात्यांना फोन लावत होतो.

दुसरं रेमडेसिवीरचं. त्यानं मृत्यूचं प्रमाण म्हणण्यासारखं कमी होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीनं ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं. तरी त्या एप्रिलमध्ये त्या कुपीसाठी माणसांनी दागिने मोडले. मी कुणाला दोष देत नाही. बाप ऑक्सिजनवर असताना मुलाला चाचण्यांचे निष्कर्ष सांगायचे नसतात. पण ती चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताला ते माहीत असायला हवे होते. उलट ज्यानं खरोखर जीव वाचले ते डेक्सामिथासोन, जुनं, स्वस्त, गावातल्या मेडिकलमध्ये मिळणारं. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्यानं मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं, आणि ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला काहीही फायदा नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण ऐकला. दुसरा ऐकला असता तर तापाच्या पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झालं नसतं, साखर चारशेवर गेली नसती, आणि मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसनं इतक्या माणसांचे डोळे गेले नसते.

आता आपल्या जिल्ह्याचं एक कोडं. ऑक्टोबर २०२१. राज्यभर आलेख खाली आलेला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, ७ तारखेला, शिर्डीचं मंदिर भक्तांसाठी उघडलं. त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भोसले यांच्या आदेशानं जिल्ह्यातली ६१ गावं बंद होती, ४ ते १३ ऑक्टोबर. त्यात संगमनेर तालुक्यातली गावं सगळ्यांत जास्त. नगरच का? रोज टीव्हीवर हा प्रश्न यायचा आणि उत्तर ठरलेलं असायचं, की लोक ऐकत नाहीत, लग्नं करतात. लग्नं काय बीडला होत नव्हती? एखाद्या जिल्ह्यात रुग्ण जास्त दिसतात त्याची दोन कारणं असू शकतात. एक, तिथं संसर्ग खरोखर जास्त आहे. दुसरं, तिथं शोध जास्त होतो आहे. दोन्ही वेगळं करायचं तर नुसते रुग्ण पाहून भागत नाही. चाचण्या किती, त्यात पॉझिटिव्ह किती, दाखल किती झाले, मृत्यू किती, आणि हे सगळं गावनिहाय लागतं. ही माहिती तेव्हा रोज संध्याकाळी तालुक्यातून जिल्ह्याला जात होती. आशाताई रात्री नऊला ती मोबाइलवर भरत होत्या, रेंज नसेल तर गच्चीवर जाऊन. ती आजही कुठल्यातरी संगणकात असणार. एका एमडीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्यात सहज निघेल. तो निघायला हवा होता.

गावाच्या पातळीवर मोजणी नीट केली तर काय होतं, हे हिवरे बाजारनं दाखवलं. मे २०२१ मध्ये पोपटराव पवारांचं गाव कोरोनामुक्त झालं तेव्हा त्याचं कौतुक दिल्लीपर्यंत गेलं, आणि राज्य सरकारनं पुढं कोरोनामुक्त गावांची मोहीमच काढली. त्यात जादू काहीच नव्हती. घरोघर जाणारी पथकं होती आणि तपासणीला कुणी लपत नव्हतं. मला त्यात नवल वाटलं नाही. ज्या गावानं पावसाचं पाणी मोजून पीक ठरवायची सवय लावून घेतली, त्याला ताप मोजणं अवघड नव्हतं. आणि जामखेड तर आपल्याच जिल्ह्यात आहे! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं तेव्हा आशा हा शब्द कुणाच्या स्वप्नात नव्हता. अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं. कुठल्या घरात बाळंतपण, कुठल्या घरात जुलाब, कोण गेलं, हे त्या बायकांना तोंडपाठ असायचं आणि त्यावर गावाचं आरोग्य सुधारलं. जग ते बघायला जामखेडला येतं. आपण भूमला जाताना जामखेडला चहाला थांबतो आणि पुढं निघतो.

आजार ओसरल्यावर काय उरलं, याकडे वळतो. हा भाग तुमच्या घरातला आहे, म्हणून जरा सावकाश.

‘लस घेतल्यापासून तरुण पोरं पटापट जातात,’ हे वाक्य मी लग्नात ऐकलं आहे, दशक्रियेला ऐकलं आहे. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. आयसीएमआरनंही तो विचारला. १८ ते ४५ वयाची, धडधाकट, अचानक गेलेली माणसं, अशा ७२९ मृत्यूंचा अभ्यास देशातल्या ४७ रुग्णालयांमार्फत झाला. प्रत्येक मृत्यूमागं त्याच परिसरातली, त्याच वयाची, जिवंत असलेली चार माणसं तुलनेला घेतली, एकूण २,९१६. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. लसीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही; दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत, घरात पूर्वी कुणी असंच अचानक गेलेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, आणि अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. हे ऐकून काही जणांचा चेहरा पडला, ते मला इथून दिसतंय. असो.

दुसरा अभ्यास यापेक्षा कमी गाजला आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. कोविडमधून बरे होऊन घरी गेलेल्या १४,४१९ रुग्णांचा आयसीएमआरनं वर्षभर फोनवरून माग ठेवला. त्यांतले ९४२ जण वर्षाच्या आत गेले. साडेसहा टक्के. साठीच्या पुढचे, पुरुष, आणि आधीच मूत्रपिंडाचा, यकृताचा, हृदयाचा काही आजार असलेले जास्त. आजारापूर्वी लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका बराच कमी. डिस्चार्ज देताना आपण टाळ्या वाजवल्या, फुलं उधळली, आणि फाइल बंद केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं बरे झालेल्या २०७ जणांची फुप्फुसं तपासली, तर ४४ टक्क्यांत फुप्फुसातून रक्तात प्राणवायू जाण्याची क्षमता घटलेली होती. त्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात हजारोंनी माणसं ऑक्सिजनवर होती. भाळवणीला मंगल कार्यालयात अकराशे खाटा लागल्या होत्या. त्यांतल्या किती जणांना आज विहिरीच्या पायऱ्या चढताना दम लागतो? आधी लागत नव्हता, आता लागतो, असं किती जण सांगतील? लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नगरला बूथ हॉस्पिटल आहे, ज्यानं पहिल्या लाटेत आपल्याला सांभाळलं. सहा मिनिटं चालायची चाचणी करायला एक मोकळा व्हरांडा, एक घड्याळ आणि बोटाला लावायचं यंत्र पुरतं.

मृत्यूंच्या मोजणीवर दोनच मुद्दे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये भारतातले दोन वर्षांतले अतिरिक्त मृत्यू ४७ लाख धरले, सरकारनं ते नाकारले, आणि सरकारी आकडा होता पाच लाखांच्या आत. वाद चालू राहिला. पण सरकारच्याच जन्म-मृत्यू नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू आहेत आणि २०२१ साली १०२ लाख, हे मात्र सरकारच सांगतं. दुसरा मुद्दा कारणाचा. आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले मृत्यू चौथ्या हिश्शाहूनही कमी. आणि डॉक्टर लिहितो तेव्हा तरी काय लिहावं? ६ नोव्हेंबर २०२१ ला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ जण गेले. ती माणसं कोविडसाठी दाखल होती. मृत्यू आगीत झाला. दाखल्यावर तात्कालिक कारण आणि मूळ कारण असे वेगवेगळे रकाने असतात. हा प्रश्न मी परीक्षेत विचारायचो तेव्हा तो पुस्तकी वाटायचा.

आता शंभर वर्षं मागं जातो.

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं रुग्णालयात दाखल झाले. ती इन्फ्लुएंझाची पहिली, सौम्य लाट. दुसरी सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून रेल्वेनं ती साथ घाट चढून आली. आपल्याकडचे लोक तिला मानमोडी म्हणायचे. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. नगर, कर्जत, जामखेडची बाजरी करपली होती, ज्वारीच्या पेरणीला ओल नव्हती, आणि पहिल्या महायुद्धामुळं धान्याचे भाव आधीच चढलेले. उपाशी माणसावर इन्फ्लुएंझा पडला. देशात किती गेले? सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये साठ लाख म्हटलं, १९२१ च्या जनगणनेनं तो अंदाज एक कोटी वीस लाखांच्या पुढं नेला, पुढं आय. डी. मिल्स या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोंदी जिल्हावार तपासून पावणेदोन कोटींच्या आसपास आकडा दिला. या तीन मोजण्यांत प्रत्येक वेळी माणसं वाढत गेली. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत सगळ्यांत जास्त होरपळले. बंगाल-मद्रास त्या मानानं वाचले. वीस ते चाळीस वयाचे जास्त गेले, आणि त्यातही बायका.

आणि अहमदनगर? १९११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. १९२१ मध्ये ती साडेसात लाखांच्याही खाली आली. पाचातलं एक माणूस जनगणनेत नाही. सगळे मानमोडीनं गेले असं म्हणता येणार नाही. त्या दशकात प्लेगही होता, आणि १९२१ ची मोजणी झाली तेव्हा पुन्हा दुष्काळ होता, माणसं पोटासाठी बाहेर गेलेली होती. पण यातले साथीचे किती, दुष्काळाचे किती, गाव सोडून गेलेले किती, हे वेगळं करण्याचं काम अजून बाकी आहे. या अवघ्या संहारावर आपल्याकडं एक स्मारक नाही, एक पुस्तक नाही. भुईकोट किल्ल्यात कोण कोण कैदेत होतं हे पोरांना पाठ असतं.

त्या वेळचे संशोधकही झटत होते, पण चुकीच्या दारावर. इन्फ्लुएंझा एका जिवाणूमुळं होतो, असं रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये सांगितलं होतं, आणि १९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा तोच शोधत राहिल्या, त्याच्याच लसी बनवत राहिल्या. खरा विषाणू माणसातून वेगळा निघाला १९३३ मध्ये, लंडनला. आणि १९१८ च्या विषाणूची पूर्ण जनुकीय संहिता हाती आली २००५ मध्ये, अलास्कातल्या बर्फात पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसातून. आपल्याकडं बर्फ नाही. आपल्याकडं कोतवाल बुकं आहेत.

गाव नमुना १४. जन्म-मृत्यूची नोंदवही. गावात कुणी गेलं की पाटील-कोतवालानं त्यात लिहायचं : तारीख, नाव, जात, कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा ‘ताप’ एवढंच. ते आजच्या निदानाच्या दृष्टीनं कुचकामी, पण साथीच्या अभ्यासाला कारण नसलं तरी चालतं, तारीख पुरते. एरवी महिन्याला दोन मृत्यू लिहिणाऱ्या गावानं ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मध्ये किती लिहिले, एवढंच बघायचं. ही बाडं तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत होती आणि ती कुणी उघडत नव्हतं. २०२३ मध्ये ती उघडली. न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचक बसवले, पानं स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. लाखो पानं, सरकारी खर्चानं. सगळ्यांची बोटं जातीच्या रकान्यावरून खाली उतरत गेली. शेजारच्या रकान्यात तारखा होत्या.

एक साधा अभ्यास सुचवतो. अकोले तालुका घ्या, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचा, पावसाचा. दुसरा कर्जत घ्या, पर्जन्यछायेतला. दोन्हींतली जिथली बाडं शिल्लक आहेत अशी काही गावं निवडा, चिठ्ठी टाकून, सोयीनं नाही. १९१५ ते १९२० चे महिनावार मृत्यू मोजा, स्त्री-पुरुष वेगळे. उपासमारीनं साथीचे मृत्यू वाढतात असं मिल्स म्हणतात. ते खरं असेल तर कर्जतचा ऑक्टोबर अकोल्याच्या ऑक्टोबरपेक्षा उंच निघेल. नाही निघाला तर आणखी चांगलं, मग नवा प्रश्न हाती येईल. आणि तीच गावं घेऊन २०२१ चे एप्रिल-मे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून काढा. एकाच गावाच्या दोन महामाऱ्या शेजारी-शेजारी ठेवलेलं काम जगात फार थोड्या ठिकाणी होऊ शकेल. आपल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाशी जोडलेली मोडी जाणणारी मंडळी शहरात आहेत, जनवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, त्यांना प्रबंधाला विषय हवेच असतात. मोडी आकडे शिकायला फार वेळ लागत नाही, आणि या कामात निम्मं काम आकड्यांचंच आहे.

ज्यांना यात पडायचं आहे त्यांनी आपल्या गावच्या कोतवाल बुकाचा शोध घ्यायला सोमवारी तहसील कचेरीत अर्ज द्यावा; नक्कल मिळते, फी लागते, आणि कारकून पहिल्या खेपेला नाही म्हणतो. आता प्रश्न घेऊ. लसीचा आधी विचारा, म्हणजे बाकीच्यांना वेळ राहील.